बुचाची फुलं आणि माळ्यावरची गुंडाळी

"मावशी, माझं वय ४१. सांगलीत विश्रामबागला राहते, तिसऱ्या मजल्यावर. मुंबईत चित्रकला शिकले, आता घरीच मुलांचे क्लास घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेते. आधी गावभागात होतो, २०१९ च्या पुरात ते घर बुडालं, मग इकडे आलो. तेव्हाची चित्रं गुंडाळून माळ्यावर ठेवलीत. पावसाळ्यात झोप नीट लागत नाही, पण ते इथं सगळ्यांचंच आहे. पाऊस सरला की मात्र माझं मन कसं हलकं होतं. सकाळी दुधाला जाताना बुचाची फुलं वेचत बसते. संध्याकाळी आयर्विन पुलाजवळ गाडी लावून पाणी बघत राहते. नवरात्रात मिरजेला अंबाबाईच्या देवळात गाणं ऐकायला गेले. सोसायटीतल्या पोरींचा हादगा मांडून दिला. फार सुखात असते मी या दिवसांत, पण चित्र एकही काढत नाही. बरोबर शिकलेल्या मैत्रिणीचं मुंबईत प्रदर्शन आहे. तिचं निमंत्रण आल्यापासून पोटात खड्डा पडलाय. आमचे हे शेतीच्या औषधांच्या दुकानात असतात, छाटणीचा सीझन चालू, रात्री अकराला येतात आणि म्हणतात, 'तुझं बरं आहे.' मावशी, हे सुख आहे की पळवाट?"

– कृष्णाकाठची एक

प्रिय कृष्णाकाठची,

तुझं पत्र वाचताना मी बुचाच्या फुलांपाशीच अडकले. कितीतरी वर्षांनी कुणी त्यांचं नाव घेतलं. रात्री उमलायचं आणि पहाटे गळून पडायचं, एवढाच त्यांचा जीव. लांब पांढरी नळी, टोकाला पाकळ्या आणि कडेला असेल-नसेल अशी गुलाबी झाक. शाळेच्या वाटेवर आम्ही ती फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचो आणि दोरा न घेता देठात देठ अडकवून वेणी घालायचो. वर्गात पोचेपर्यंत ती मलूल व्हायची, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तू एकेचाळीस वर्षांची बाई हातात दुधाची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उकिडवी बसतेस, हे मला डोळ्यांसमोर दिसलं आणि फार बरं वाटलं.

तू विचारलंस म्हणून आधी उत्तर देते. हे सुख आहे, खरंखुरं सुख. त्याला दुसरं नाव देऊ नकोस.

आपल्याकडचा शरद म्हणजे काही झाडांची पानं लाल होऊन गळण्याचा ऋतू नव्हे. आपला शरद हवेत असतो आणि पाण्यात असतो. चार महिन्यांच्या पावसाने हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दुपारी चारलाच उन्हाला तिरपा सोनेरी कल येतो आणि साध्या विजेच्या खांबाचीही सावली लांबलचक पडते. तू पुलापाशी जे बघत उभी असतेस ते मी आयुष्यभर बघत आले आहे. जुलै-ऑगस्टमधली कृष्णा तांबडी, गढूळ, अंगावर येणारी. मग वरून येणारं पाणी कमी होतं, गाळ खाली बसतो आणि दसऱ्याच्या आसपास एखाद्या संध्याकाळी लक्षात येतं की नदी हिरवट झाली. तुला त्या दोन्ही रंगांच्या ट्यूबांची नावंसुद्धा माहीत असणार. काठावर चिखल वाळून भेगाळलेला, शेपटी हलवत धोबी पक्षी आलेले, आणि घाटाच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची मातकट रेघ.

अशा वेळी एखादी म्हणेल, "अगं, हे सगळं तुझ्या आत साठतंय, पुढे कधीतरी चित्रात उतरेल." मी तसं म्हणणार नाही. तू मुलांना स्मरणचित्र शिकवतेस. संध्याकाळच्या पुलावरची प्रत्येक घटका पुढच्या स्मरणचित्राची बेगमी धरली की ते सुख उसनं झालं, कधीतरी फेडायचं. मग एखाद्या दिवशी चित्र झालं नाही की हिशेब चुकला असं वाटणार. तुझं आत्ता तेच झालंय. नदीचं पाणी निवळलं याचा आनंद चित्रकाराला व्हायला हरकत नाही, पण तो तुला चित्रकार म्हणून होत नाही. या काठावरची बाई म्हणून होतो. त्याच्या बदल्यात कुणाला काही देणं लागत नाहीस तू.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीकडे वळते. ती तू अशी घाईने सांगून टाकलीस की मला परत मागे जाऊन वाचावी लागली. हादग्याच्या हत्तीच्या सोंडेला कुठला रंग दिला, माळेत आधी काय ओवलं, कितव्या दिवशी कुणी खिरापत ओळखली, हे तू पानभर लिहिलं आहेस (इथं छापताना ते गाळावं लागलं याचं वाईट वाटतं). आणि घर बुडालं त्याला एक ओळ. चित्रांना अर्धी. झोपेला "सगळ्यांचंच आहे."

सगळ्यांचं आहे, खरं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, जिथं ४५ फूट ही धोक्याची पातळी. तेव्हापासून सांगलीत पावसाळ्यातल्या प्रत्येक बोलण्याच्या सुरुवातीला "आयर्विनला किती फूट?" आणि शेवटी "कोयनेतून किती सोडलंय?" असतं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा तर वाहून गेलेल्या संसाराची पुरती मोजदादही झाली नव्हती. तूही रात्री दोनला उठून मोबाईलवर पातळी बघत असणार, तिसऱ्या मजल्यावर राहत असूनही. मग पाऊस सरल्यावर तुझं मन हलकं होणारच, बाळा. चार महिने श्वास रोखून धरलेला माणूस तो सोडतो तेव्हा त्याला कुणी पळपुटा म्हणतं का?

आणि एक गोष्ट मला दिसली ती सांगू का? चुकत असेन तर तसं लिही. तू ज्या ज्या सुखांची नावं लिहिलीस ती सगळी मुळातच टिकणारी नाहीत. बुचाची फुलं दुपारपर्यंत. हादग्याच्या माळा सोळा दिवस. देवळातलं गाणं हवेत विरतं. पुलावरचा उजेड दहा मिनिटांत जातो. ज्या बाईची वर्षानुवर्षांची चित्रं एका रात्रीत पाण्याखाली गेली, तिने ज्यांच्या जाण्याचं दुःख होत नाही अशाच गोष्टींवर जीव लावला. मला यात शहाणपण दिसतं. स्वतःला सावरायची वाट तू स्वतःच शोधलीस. पण कागदावर काही उमटवायला हात का धजावत नाही, तेही इथंच असावं असं वाटतं. कागद भिजतो.

२००५ च्या पुरात आमच्याही घरात पाणी होतं. आईची पत्रं, हिशेबाच्या वह्या आणि माझं काही लिखाण अशी एक लाकडी पेटी होती. पाणी ओसरल्यावर ती मी तशीच उचलून वर ठेवली आणि दोन वर्षं उघडली नाही. उघडेपर्यंत सगळंच गेलेलं असू शकतं आणि सगळं शाबूतही असू शकतं, त्या अधांतरी अवस्थेची मला सवय झाली होती. शेवटी दिवाळीच्या साफसफाईत धाकट्या जावेने विचारलं, "ताई, हिचं काय करायचं?" आणि ती शेजारी बसली म्हणून मी झाकण उचललं. शाईची पत्रं निळ्या ढगांसारखी झाली होती, एक अक्षर लागत नव्हतं. पण आईला वाणसामानाची यादी पेन्सिलीने करायची सवय होती. त्या यादीतलं "हळकुंड पावशेर, हिंग, खडीसाखर" जसंच्या तसं होतं. शिसपेन्सिल पाण्याने जात नाही हे तुला शिकवायला नको. मला ते त्या दिवशी कळलं. आईच्या हाताचं अक्षर म्हणून तेवढंच माझ्याकडे आहे, आणि मी ते चौकटीत लावलं आहे.

म्हणून तुझ्या त्या गुंडाळीबद्दल बोलते. कृष्णाकाठच्या बायका नवरात्राआधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या घाटावर नेऊन धुतात आणि पायऱ्यांवर वाळत घालतात. कारण साधं आहे: पावसाळ्याची ओल घराबाहेर काढायची तर ऊन लागतं, आणि ते आत्ता आहे. हे कोरड्या हवेचे दिवस आहेत, तेव्हा गुंडाळीही आत्ताच काढ. तुला माहीत असेल, तरी माझ्या समाधानासाठी सांगते. नाकाला मास्क लाव, बुरशीचा भुगा छातीत जाऊ देऊ नकोस. गच्चीत सावली असेल तिथं, वारं खेळतं अशा ठिकाणी उघड. थेट उन्हात नको, रंग उडतील आणि कागद वळेल. ओल्या फडक्याने पुसू नकोस, मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झटक. दोन कागद चिकटले असतील तर ओढू नकोस, तसेच राहू देत. काही गेलं असेल. कोळशाची, जलरंगाची कामं बहुधा गेलीच असतील. तैलरंगातलं, पेन्सिलीतलं काही हाती लागेल. फार तर चार निघतील. ती चार मात्र तुझी आहेत.

पावसाळ्यातल्या झोपेकडे दुर्लक्ष करू नकोस. पुढच्या जूनची वाट बघत बसण्यापेक्षा आत्ता, मन स्थिर असताना, एखाद्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोल. समोर जायला संकोच वाटला तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पुराने लागलेली भीती आपोआप ओसरतेच असं नाही. पाय मोडला तर आपण "सगळ्यांचेच मोडतात" म्हणून घरी बसत नाही.

तुझ्या यजमानांच्या "तुझं बरं आहे" बद्दल तू फार मनाला लावून घेतलं आहेस. माझं माहेर तासगावकडचं, त्यामुळे द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी म्हणजे काय ते मी जवळून बघितलं आहे. बाग छाटून भुंडी केली की काड्यांवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, आठ-दहा दिवसांत डोळे फुटायला लागतात आणि तिथून पुढे प्रत्येक ढगाळ दिवशी शेतकरी औषधाच्या दुकानात धावतो. डावणी आली, करपा दिसतोय, आज काय मारू? काउंटरमागे उभा असलेला माणूस दिवसभर दुसऱ्यांचा घोर ऐकत असतो, आणि निम्मा माल उधारीवर. असा माणूस रात्री अकराला घरी येऊन "तुझं बरं आहे" म्हणतो तेव्हा त्यात टोमणा असेल, पण हेवा जास्त असेल. त्यांना वाद घालून पटवू नकोस. चार दिवसांवर कोजागरी आली आहे. दूध आटव, केशर-वेलदोडा घाल, त्यांना जेवण झाल्यावर गच्चीत ने, नाहीतर सरळ सरकारी घाटावर घेऊन जा, बरोबर भडंगाचा पुडा असू दे. औषधाचा वास अंगाला असला तरी तसेच ने. त्यांच्याकडून काही बोलायची अपेक्षा ठेवू नकोस. पुरात घर त्यांचंही गेलं आहे, आणि त्यांच्याकडे तर बुचाची फुलंसुद्धा नाहीत.

मैत्रिणीच्या प्रदर्शनाला जा. पोटातला खड्डा घेऊनच जा, तो काही पाप नाही. तिला मिठी मार, चित्रं नीट बघ, आवडलं नाही ते मनात ठेव आणि आवडलं ते तिला सांग. फक्त मोठं काम मुंबईच्या दालनांतच होतं ही समजूत तिथून घेऊन येऊ नकोस. क्लासच्या मुलांना एखाद्या रविवारी साताऱ्याकडे औंधला घेऊन जा. तिथं यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थानचा कारभार बघायचे आणि स्वतः चित्रंही काढायचे. हे संग्रहालय त्यांनीच उभं केलं. रविवर्म्याची चित्रं तिथं आहेत, इंग्लंडचा शिल्पकार हेन्री मूर, त्याचं शिल्पही आहे. खिडकीतून बाहेर बघितलं की ज्वारीची रानं. मुलांना बघू दे की हे सगळं आपल्या बाजूच्या एका गावात आहे. तूही बघ, आणि त्या दिवशी स्केचबुक नेऊ नकोस.

हात कधी चालू होईल ते मला सांगता येणार नाही. गुंडाळी उघडल्यावर महिन्याभरात होईल किंवा पुढच्या शरदात. तोपर्यंत फुलं वेच. सकाळी वेचलेली ओल्या रुमालात ठेवलीस तर क्लासची वेळ होईपर्यंत टिकतील. मुलींना बिनदोऱ्याची वेणी घालायला शिकव, आताच्या पोरींना ती येत नाही.

आणि माळ्यावरून गुंडाळी काढशील तेव्हा एकटी असू नकोस. यजमानांना रविवारची सुट्टी असेल तर त्यांना बरोबर घे, नाहीतर आईला, बहिणीला, शेजारणीला, कुणालाही. काय निघालं ते मला लिहून कळव. मी वाट बघते आहे.

– तुझी मावशी