शनिवारचा सामना आणि दोन वर्षांनंतरचा ऑगस्ट

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन झाला. तू कम्युनिटी कॉलेजात खेळाडूंची काउन्सेलर झालीस ही बातमी सांगताना तिचा आनंद आवाजात मावत नव्हता. पण फोन ठेवताना तिने हळूच विचारलंच, ‘कम्युनिटी कॉलेज म्हणजे नक्की काय गं? आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजसारखं?’ मी म्हटलं, नाही, बारावीनंतरची पहिली दोन वर्षं. फी कमी, प्रवेश सगळ्यांना खुला. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. तिथून कुणी तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जातं, कुणी नर्सिंग नाहीतर वेल्डिंग शिकून कामाला लागतं. ‘मग खेळाडूंना वेगळी काउन्सेलर कशाला?’ याचं उत्तर फोनवर देता येईना. ते तुलाच लिहावं म्हटलं, कारण सोमवारपासून त्या खुर्चीत तू बसणार आहेस.

नियम तू आठवड्याभरात पाठ करशील. आपल्या कॅलिफोर्नियात सीझन चालू असताना खेळाडूकडे सतत किमान १२ युनिट्स लागतात (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप), त्यांतली ९ त्याच्या एज्युकेशन प्लॅनमधली, म्हणजे त्याच्या शिक्षणासाठी आपण आखून दिलेल्या विषयांतली. दुसऱ्या सीझनला खेळायचं तर मधल्या काळात २४ युनिट्स पास, त्यांतली १८ प्लॅनमधली, आणि जीपीए, म्हणजे ए चे ४, बी चे ३, सी चे २ धरून काढलेली सरासरी, २.० च्या खाली नको. अमेरिकन फुटबॉलच्या कोचला झोपेतून उठवलं तरी हे आकडे तो म्हणून दाखवेल. पण पोरगं शनिवारी मैदानात उतरू शकतं का, एवढंच त्यातून कळतं. दोन वर्षांनंतरच्या ऑगस्टमध्ये, नवं शैक्षणिक वर्ष सुरू होताना, ते कुठे असेल याचा त्यात पत्ता नाही. तू प्लॅन लिहायला बसशील तेव्हा त्या ऑगस्टपासून सुरुवात कर आणि मागे मागे येत आजच्या वेळापत्रकापर्यंत पोच. मला हे समजायला काही वर्षं लागली, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

माझं नोकरीतलं दुसरं वर्ष. ऑगस्टच्या ओरिएंटेशनला साठ-सत्तर मुलांपुढे उभं राहून मी सांगितलं होतं, ‘एखादा विषय अगदीच जमत नसेल तर एफ घेऊ नका. वेळेत ड्रॉप करा, डब्ल्यू परवडला.’ एफ म्हणजे नापास, डब्ल्यू म्हणजे विषय मधेच सोडल्याची नोंद. एरवीच्या विद्यार्थ्याला हा सल्ला ठीकच आहे. ऑक्टोबरात फुटबॉलच्या टीममधल्या एका लाइनबॅकरने तो मनावर घेतला. त्याच्याकडे मोजून १२ युनिट्स होती: स्टॅटिस्टिक्सची ४, इंग्रजीची ३, समाजशास्त्राची ३ आणि टीमच्या वर्गाची २. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या चाचणीत त्याला शंभरपैकी ३८ पडले. गुरुवारी रात्री अकरा वाजता त्याने फोनवरूनच तो वर्ग ड्रॉप केला. राहिली ८. शुक्रवारी कुणाच्या लक्षात आलं नाही. शनिवारी तो खेळला, टीम जिंकली. सोमवारी यादी तपासताना गोष्ट उघडकीला आली आणि जिंकलेला सामना हरल्यात जमा झाला.

मंगळवारी तो माझ्यासमोर बसला होता. टोपी हातात, तिची कड बोटांनी दुमडत. ‘तुम्हीच सांगितलं होतंत ना,’ एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. टीममधली मुलं त्याला काही बोलली असतील, नसतील. नोव्हेंबरात त्याने वर्गांना येणंच सोडलं. मी फोन केले, घरी पत्र पाठवलं. तो परत आला नाही, आणि पुढे त्याचं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

म्हणून तुला कळवळून सांगते, कुणालाही मोजून १२ युनिट्सवर सीझनमध्ये पाठवू नकोस. १४-१५ असू देत. कोच कुरकुरतील, ‘सीझनमध्ये हलकं ठेवा.’ त्यांना नीट समजावून सांग की बारावर असलेल्या मुलाचा एक विषय गेला की खेळही गेला. आणि उशिरा सुरू होणारा आठ आठवड्यांचा वर्ग युनिट्स भरून काढायला घेणार असशील, तर तो सुरू होण्याआधी बारांत धरता येतो का, हे एलिजिबिलिटी, म्हणजे खेळाडूंची पात्रता, बघणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय धरू नकोस.

डब्ल्यूचे आणखी दोन हिशेब मुलांना कुणी सांगत नाही. नापास झालेला किंवा सोडलेला विषय आपल्या कम्युनिटी कॉलेजांत साधारणपणे एकूण तीनदाच घेता येतो, आणि डब्ल्यू त्या तिनांत मोजला जातो. शिवाय पेल ग्रँट, म्हणजे शिक्षणासाठीची सरकारी मदत, चालू ठेवायची तर घेतलेल्या युनिट्सपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण व्हावी लागतात. तिथेही डब्ल्यू म्हणजे घेतलेला पण न झालेला विषय. आपल्या कॉलेजांत खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, त्यामुळे बऱ्याच मुलांचं भाडं, पेट्रोल, पुस्तकं त्या ग्रँटवर चालतात. एका रात्रीच्या क्लिकने खेळ, ग्रँट आणि तीनपैकी एक संधी, तिन्ही एकदम जाऊ शकतात.

आता त्या ऑगस्टबद्दल. ‘मला डी वन खेळायचंय’, म्हणजे विद्यापीठांच्या सगळ्यात वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, असं म्हणणारा मुलगा आला, की पहिल्याच भेटीत त्याचं हायस्कूलचं गुणपत्रक माग. तो शाळेतून एनसीएएच्या (विद्यापीठांच्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना) भाषेत ‘क्वालिफायर’ म्हणून, म्हणजे शाळेतले ठरलेले विषय आणि गुण पूर्ण करून, बाहेर पडला की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. प्रसिद्ध फुटबॉलपटू एरन रॉजर्सचं नाव तुझी मुलं घेणारच. तो २००२ मध्ये ओरोव्हिलच्या ब्यूट कॉलेजात खेळला आणि एकाच वर्षात बर्कलीच्या विद्यापीठात गेला. मुलांना त्याची फेक आठवते. एका वर्षात जाता आलं ते शाळेतले गुण चांगले होते म्हणून, हे त्यांना तू सांग. नॉन-क्वालिफायरला तो रस्ता बंद असतो. त्याला इथली पदवी घ्यावी लागते, ट्रान्सफर होणारी ४८ युनिट्स लागतात, त्यात इंग्रजीची ६, गणिताची ३, विज्ञानाची ३, आणि जीपीए २.५. क्वालिफायरलाही २.५ चुकत नाही. वर, तिसऱ्या वर्षात पाऊल टाकताना नव्या विद्यापीठातल्या पदवीचा ४० टक्के अभ्यास झालेला असावा लागतो. म्हणजे इथे ज्याला-त्याला सोपे वाटणारे विषय गोळा करून ६० युनिट्स भरली आणि तिथल्या पदवीत त्यातली निम्मी बसली नाहीत, तर सगळं मुसळ केरात.

या २.५ मध्ये एक खाच आहे, ती मी एका सॉफ्टबॉलच्या मुलीबरोबर पेन्सिलीने शिकले. एप्रिलमध्ये तिला एका मोठ्या विद्यापीठातून फोन आला. ती नाचतच माझ्या खोलीत आली. गुणपत्रकावर जीपीए २.८०, ४५ युनिट्स. मग आम्ही कागद घेतला. त्या ४५ मधली १२ युनिट्स टीमच्या आणि व्यायामाच्या वर्गांची होती, सगळीकडे ए. डिव्हिजन वनच्या हिशेबात असल्या वर्गांची दोनच युनिट्स धरतात. उरले तीन-तीन युनिट्सचे अकरा विषय, चार बी आणि सात सी. बेरीज केली, भागाकार केला. २.४६. तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. तेवढंच आलं. मग मी तिला दाखवलं की त्या सातांपैकी एका सीचा बी असता तर २.५४ झाला असता. ती कितीतरी वेळ त्या सात सींकडे बघत राहिली. सगळ्यात वाईट मला याचं वाटलं, की दीड वर्ष दर सीझनला मी तिच्या नावापुढे ‘पात्र’ अशी खूण केली होती, आणि ती खूण बरोबर होती.

त्या उन्हाळ्यात तिने तीन युनिट्सचा आणखी एक विषय घेतला आणि बी मिळवला. ३८ युनिट्स, ९५ गुणांक, बरोबर २.५०. तोवर पहिल्या विद्यापीठाने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. ती दुसरीकडे गेली, खेळली, पदवीधर झाली. पण ही पेन्सिल पहिल्या सेमिस्टरमध्येच निघायला हवी होती. तू प्रत्येक मुलाचे दोन जीपीए काढ. एक गुणपत्रकावरचा आणि दुसरा खेळाचे वर्ग वजा करून, आणि त्याला दुसराच तोंडपाठ करायला लाव.

वेळापत्रकाची एक साधी गोष्ट. सराव दुपारी दोनला असतो आणि विज्ञानाच्या लॅबही नेमक्या दुपारीच ठेवलेल्या असतात. त्यामुळे मुलं विज्ञान ढकलत ढकलत शेवटच्या सेमिस्टरला नेतात आणि अडकतात. लॅब ऑफ-सीझनला लाव, पहिल्याच वर्षी. बास्केटबॉलचा सीझन दोन सेमिस्टरमध्ये पसरतो, त्यांच्या दोन्ही सेमिस्टरकडे लक्ष ठेव. गणित पहिल्या सेमिस्टरला की दुसऱ्या, यावर काउन्सेलरांत वाद आहेत. २०१७ च्या कायद्यानंतर मुलं पूर्वतयारीच्या वर्गांच्या रांगेत अडकत नाहीत, थेट ट्रान्सफरच्या स्टॅटिस्टिक्सला बसतात. हे फार चांगलं झालं. पण पाच वर्षं बीजगणिताशी फटकून राहिलेल्या लाइनमनला आधाराचा जोडवर्ग न देता तिथे बसवू नकोस.

आणि प्लॅनवर ‘कायनेसिऑलॉजी’ (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) लिहिलेलं दिसलं की थांब. निम्मी मुलं ते लिहितात, कारण शेजारच्याने लिहिलेलं असतं. माझ्याकडच्या बेसबॉलच्या एका कॅचरला खरं तर इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. ते सांगायला त्याला वर्ष लागलं, कोचला वाईट वाटेल म्हणून. सर्टिफिकेटचा अभ्यासही प्लॅनमध्ये धरला जातो, त्याने पात्रता जात नाही. बहुतेक मुलांचा शेवटचा सामना इथेच होतो. त्यांचाही ऑगस्ट तुलाच बघायचा आहे.

मी सांगलीत कॉलेजच्या टीममधून खो-खो खेळायचे, तुझ्या आईने सांगितलं असेलच. स्पर्धेला गेलो की त्या दिवसांची हजेरी लागायची. पण त्या दिवसांत वर्गात काय शिकवलं, ते परत आल्यावर कुणी विचारायचं नाही, सांगायचं नाही. अर्थशास्त्राचं एक अख्खं प्रकरण मी कधी ऐकलंच नाही. परीक्षेत तोच प्रश्न आला, आणि मी कोरा कागद ठेवून उठले. पुढे या कामाकडे वळले त्यात त्या कोऱ्या कागदाचा वाटा मोठा आहे.

खो-खोत बसलेल्याला मागून येणारा दिसत नाही. नुसता हात लागून भागत नाही, ‘खो’ मोठ्याने म्हणावा लागतो. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना कॉलेज पाठवतं ती अर्ली अलर्टची ईमेल म्हणजे नुसता हात आहे. चौथ्या आठवड्यात ती जाते, मुलं उघडतच नाहीत. तू दीडच्या सुमारास ट्रेनरच्या खोलीत जा. घोट्याला पांढरी टेप बांधून घेताना मूल दहा मिनिटं एका जागी बसलेलं असतं, आणि हातात फोनही नसतो. तिथे विचार, निबंध कुठवर आला? सरावाआधी काय खाल्लंस?

दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. बाहेरगावची सहा-सहा मुलं दोन खोल्यांत राहतात, एखादा गाडीत झोपत असतो आणि पत्ता मित्राचा देतो. विचारलं तर ‘सगळं ठीक’ म्हणतात. खाण्यापिण्याची, निवाऱ्याची मदत मिळते त्या तुमच्या बेसिक नीड्स सेंटरची वाट आणि वेळ माहीत करून घे आणि पहिल्यांदा त्याच्याबरोबर चालत जा. ईओपीएस या गरजू मुलांसाठीच्या योजनेत बसत असेल तर पुस्तकांची सोय होते आणि नोंदणीही लवकर मिळते. सकाळचे वर्ग लागतात त्या मुलांना लवकर नोंदणी म्हणजे अर्धी लढाई.

आईवडिलांचे फोन येतील, आपल्या लोकांचेही. बे एरियात बॅडमिंटनच्या टीममध्ये आपल्या मुली असतात, आणि बाबा हक्काने विचारतात, ‘हिचे मार्क्स कसे आहेत?’ विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या फर्पा कायद्याप्रमाणे, मूल कॉलेजात आलं की त्याच्या नोंदींवर हक्क त्याचाच, मग वय सतरा का असेना. नम्रपणे सांग, ‘काका, तिलाच विचारा.’ मग तिला बोलावून घे आणि घरी कसं सांगायचं ते तिच्याबरोबर बसून ठरव.

सोमवारी पहिला प्लॅन लिहून झाला की रात्री मला फोन कर, कितीही वाजले तरी. मुलाचं नाव सांगू नकोस. विषय, युनिट्स आणि सरावाची वेळ तेवढी सांग, मी पेन्सिल घेऊन बसते.

तुझी,
मावशी