क्लाउड-टिफा खेळायला घेताना
फायनल फँटसी ७ (१९९७) या व्हिडिओ गेममधली ही जोडी रोलप्लेसाठी (दोघांनी आळीपाळीने पोस्ट लिहून पात्रं रंगवायच्या खेळासाठी) घेतली आहेस, तर पहिल्या पोस्टआधी जोडीदाराशी एक गोष्ट पक्की कर: प्रसंग लाइफस्ट्रीमच्या (क्लाउडला खऱ्या आठवणी परत मिळतात त्या प्रसंगाच्या) आधीचा की नंतरचा? आधीचा असेल तर क्लाउडला स्वतःच्या खोट्या आठवणी खऱ्याच वाटतात. त्यांच्या गावी, निबेलहाइमला, सोल्जर (खास दलातला सैनिक) म्हणून क्लाउड नव्हे, तर झॅक नावाचा दुसराच तरुण आला होता हे टिफाला ठाऊक असतं, तरी ती गप्प राहते. सगळा ताण त्या गप्प राहण्यातच आहे! नवखे दुसऱ्याच पोस्टमध्ये तिच्याकडून सत्य वदवून घेतात, मग पुढे खेळायला काही उरत नाही. टिफा तुझ्याकडे असेल तर क्लाउडची प्रतिक्रिया तू लिहू नकोस. तिच्या अर्धवट वाक्यापाशी थांब. प्रेमप्रसंग कुठवर न्यायचा, ते मात्र पात्राच्या तोंडून नको, वेगळ्या मेसेजमध्ये सरळ विचार.