दोन महिन्यात मेटा-अ‍ॅनालिसिस? आधी हे वाच

तुझं पत्र मिळालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, ही मुलगी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीनिअर म्हणतात मेटा-अ‍ॅनालिसिस (एकाच प्रश्नावरच्या आधी झालेल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक निष्कर्ष काढणं) कर, पेशंट नको लॅब नको, दोन महिन्यात पेपर हातात. टेलिग्रामवर कुणीतरी 12 हजारात पेपरवर चौथ्या नंबरला लेखक म्हणून नाव टाकून देतो म्हणतोय. बाबा म्हणतात ह्या भानगडीत पडूच नकोस, नीट-पीजीचं बघ. तिचे प्रश्न तीन, करू का, कसं करू, आणि पुढे ह्यात काही करिअर आहे का.

आधी बाबांचं, कारण ते निम्मे बरोबर आहेत. नीट-पीजीच्या रँकला पेपरचा एक मार्कही नाही, त्यामुळे फक्त इथली पीजी सीट हवी असेल तर आत्ता एमसीक्यू सोडव, पेपर नंतर बघू. पण अमेरिकेचा विचार असेल तर गोष्ट वेगळी, तिकडे जानेवारी 2022 पासून स्टेप 1 (तिकडच्या लायसन्स परीक्षेचा पहिला टप्पा) नुसती पास-फेल झालीये, मग पीजीच्या सीट देणारे प्रोग्रामवाले बाकीच्या गोष्टी जास्त बघतात आणि रिसर्च त्यात येतो. आणि पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर प्रमोशनला पेपर लागतातच, एनएमसीच्या (मेडिकल शिक्षणाचे नियम करणारा आयोग) 2022 च्या शिक्षक पात्रतेच्या नियमात मेटा-अ‍ॅनालिसिस धरलं होतं. नियम बदलत राहतात, त्या त्या वेळी बघून घे. तू ह्यातलं नेमकं काय ठरवलंयस ते पत्रात कुठेच नाही, ते आधी ठरव.

टेलिग्रामवाल्याला ब्लॉक कर. ज्या कामात तू एक अ‍ॅब्स्ट्रॅक्टही वाचला नाहीस त्यावर तुझं नाव आलं आणि उद्या तो पेपर रिट्रॅक्ट झाला, म्हणजे जर्नलने मागे घेतला, तर पबमेडवर (मेडिकल पेपरांची ऑनलाइन यादी) ते तुझ्या नावासकट कायमचं दिसत राहतं, आणि इंटरव्ह्यूमध्ये कुणी विचारलं की रँडम इफेक्ट्स मॉडेल (स्टडींचे खरे परिणाम वेगवेगळे असू शकतात असं धरून आकडे जोडणं) का वापरलं तर काय सांगशील? बारा हजारात एक बरं सेकंड हँड टेबल-खुर्ची येते, ती घे.

आता काम. सगळा खेळ प्रश्न निवडण्यात आहे आणि सगळे तिथेच घाई करतात. तू लिहिलंयस "योगा आणि डायबिटीस". अगं, ह्यावर आधीच इतकी मेटा-अ‍ॅनालिसिस झालीयेत की आणखी एकाने कुणाचंच भलं होणार नाही. 1991 ते 2014 ह्या काळात पबमेडमधल्या एकूण पेपरांची वर्षाची संख्या 153 टक्क्यांनी वाढली आणि मेटा-अ‍ॅनालिसिसची 2,635 टक्क्यांनी, हे संशोधनाचाच अभ्यास करणाऱ्या आयोनिडिस ह्यांनी 2016 मध्ये दाखवलं आणि वर म्हटलं की ह्यातली बरीचशी एकतर तीच ती आहेत किंवा दिशाभूल करणारी. एडिटरलाही हे माहीत असतं, "योगा अँड डायबिटीस" दिसलं की तो पुढचं वाचतच नाही.

त्यामुळे प्रश्न बारीक कर. कोणते पेशंट, कोणता उपाय, कशाशी तुलना, आणि मोजायचं काय. हे चार ठरले की पबमेड आणि प्रॉस्पेरोवर शोध की हेच कुणी केलंय का किंवा करतंय का. प्रॉस्पेरो म्हणजे यॉर्क युनिव्हर्सिटीची 2011 पासूनची रजिस्ट्री, फुकट आहे, तिथे आपल्या रिव्ह्यूचा प्रोटोकॉल (काय आणि कसं करणार ह्याचा आराखडा) नोंदवायचा आणि तोही डेटा काढायला लागण्याआधी. मागाहून नोंदवू म्हटलं तर त्यात राम नाही, कारण निकाल बघून प्रश्न बदलला नाही हेच तर त्यातून दाखवायचं असतं.

एकटीने करू नकोस. स्क्रीनिंग (कुठले पेपर घ्यायचे ते निवडणं) आणि डेटा एक्स्ट्रॅक्शन (त्यातले आकडे काढणं) दोघांनी एकमेकांना न दाखवता करायचं आणि मग ताडून बघायचं, जिथे जमत नाही तिथे तिसरा. म्हणजे दोन मैत्रिणी, एक सर किंवा मॅडम ज्यांना विषय कळतो, आणि कम्युनिटी मेडिसिनमधलं कुणीतरी ज्यांना स्टॅट्स खरंच येतं (सगळ्यांना येत नाही, हळूच चौकशी कर). इथिक्सची परवानगी सहसा लागत नाही कारण छापून आलेलाच डेटा वापरतो, तरी कॉलेजात विचारून घे, काही कमिट्यांना तसं पत्र लागतं.

सर्च नुसत्या पबमेडवर भागत नाही. कॉक्रेनचं सेंट्रल (ट्रायलची यादी) बघ, एम्बेस हा पबमेडसारखाच डेटाबेस पैशाचा आहे, लायब्ररीत किंवा मोठ्या कॉलेजातल्या कुणाकडे लॉगिन आहे का विचार, आणि आपली सीटीआरआय (ट्रायलची सरकारी नोंदवही) विसरू नकोस, भारतातल्या ट्रायल तिथे नोंदवणं जून 2009 पासून सक्तीचं आहे. नोंद झाली पण पेपर कधी आलाच नाही अशी ट्रायल तिथे सापडते, आणि निकाल नकारात्मक आले म्हणून ती छापली गेली नाही असंही असू शकतं. पत्ता शोधून लेखकांना मेल टाक, उत्तर बहुतेक वेळा येत नाही, तरी टाक. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चाळायला रेयान आणि रेफरन्स सांभाळायला झोटेरो, दोन्ही फुकटात चालतं.

खरी परीक्षा टेबलमधून आकडे उचलताना असते. समज एका पेपरात लिहिलंय एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) 8.1 ± 0.2 आणि ग्रुपमध्ये 64 पेशंट. हा 0.2 म्हणजे एसडी (पेशंटचे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) की एसई (ती सरासरी किती नेमकी आहे ते)? खाली बारीक अक्षरात असतं, कधी कधी नसतंच. एसडी धरलास तर अर्थ असा होतो की जवळजवळ सगळे पेशंट 7.7 ते 8.5 मध्ये बसतात, आता आपल्या मेडिसिन ओपीडीत सकाळी जाऊन दहा रिपोर्ट बघ, असं कधी असतं का? म्हणजे तो एसई आहे, त्याला 64 च्या वर्गमुळाने म्हणजे 8 ने गुणायचं, एसडी येतो 1.6. हे न बघता दोन्ही ग्रुपना 0.2 च एसडी म्हणून टाकलास तर फिक्स्ड इफेक्ट मॉडेलमध्ये (सगळ्या स्टडींचा खरा परिणाम एकच धरणारी पद्धत) त्या एका स्टडीचं वजन 64 पट होतं आणि बाकीच्या सगळ्या त्याच्यामागे फरफटत जातात. सॉफ्टवेअर काही बोलत नाही, फॉरेस्ट प्लॉट (सगळ्या स्टडींचे निकाल एकाखाली एक दाखवणारा आलेख) छानच दिसतो.

आणि स्टडीच खोटी असेल तर? आयव्हरमेक्टिनचं आठवत असेल. कोविडमध्ये मृत्यू कमी होतात असं काही मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये आलं, त्यात इजिप्तमधल्या एका प्रीप्रिंटचा (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) मोठा वाटा होता. लंडनमधल्या एका मेडिकलच्या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तो नीट वाचला, उचललेला मजकूर आणि डेटातले घोळ बाहेर काढले, आणि जुलै 2021 मध्ये प्रीप्रिंट मागे घेतला गेला. तो वगळल्यावर एका गाजलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमधला मृत्यूंबाबतचा फायदा टिकला नाही, तो पेपरही मागे घेऊन सुधारून पुन्हा आणावा लागला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून प्रत्येक स्टडीला रिस्क ऑफ बायस (स्टडीच्या पद्धतीमुळे निकाल एका बाजूला झुकलाय का ते तपासणं) लावायचा, रँडमाइज्ड असेल तर त्यासाठीचं रॉब 2 हे साधन, आणि तो टेबल भरण्यापुरता नाही.

स्टॅट्सला आर हे सॉफ्टवेअर आणि त्यातलं मेटाफॉर पॅकेज, फुकट आहे, आठवडाभर डोकं दुखेल मग जमेल. आय-स्क्वेअर (स्टडींचे निकाल एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते टक्क्यांत) 80-85 आलं तर घाबरून लपवू नकोस, फरक कशामुळे ते शोध, आणि स्टडीज फारच वेगवेगळ्या असतील तर एकत्र आकडा काढूच नये, नुसता सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आकडे न जोडता सगळ्या स्टडींचा पद्धतशीर आढावा) छापता येतो. फनेल प्लॉटच्या (न छापलेल्या स्टडी निसटल्यात का ह्याचा अंदाज देणारा आलेख) टेस्ट दहापेक्षा कमी स्टडीजवर लावायच्या नाहीत, तरी लोक पाचावर लावतात.

एवढा खटाटोप कशाला असं वाटलं तर स्ट्रेप्टोकायनेज ह्या रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचं बघ. हार्ट अटॅकमध्ये ते देण्यावर 1959 ते 1988 दरम्यान 33 ट्रायल झाल्या. 1992 मध्ये त्या वर्षांप्रमाणे एकेक जोडत नेल्या तेव्हा दिसलं की मृत्यू कमी होतात हे 1973 मध्येच, आठ ट्रायल आणि 2,432 पेशंटवर, स्पष्ट झालं होतं. त्यानंतर आणखी 34 हजारांवर पेशंट ट्रायलमध्ये घेतले गेले, आणि त्यातल्या कंट्रोल ग्रुपवाल्यांना औषध मिळालं नाही.

लिहिताना प्रिझ्मा 2020 ची (रिव्ह्यूत काय काय सांगायचं ह्याचे निकष) 27 मुद्द्यांची चेकलिस्ट समोर ठेव, जर्नल ती मागतंच. जर्नल निवडताना जे स्वतःहून मेल करून "डिअर एस्टीम्ड डॉक्टर" म्हणतात ते सोड. ओपन अ‍ॅक्सेसची (पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाने भरायची) फी कधी कधी लाखाच्या पुढे जाते, पण सबस्क्रिप्शनवाल्या बऱ्याच चांगल्या जर्नलमध्ये ओपन अ‍ॅक्सेस घेतलं नाही तर पैसे लागत नाहीत, हे मुलांना कुणी सांगतच नाही. रिजेक्ट होईल, कॉमेंट वाच, दुरुस्त कर, पुढच्याला पाठव.

वेळेचं म्हणशील तर 2017 च्या एका अभ्यासात प्रॉस्पेरोवरच्या रिव्ह्यूंना नोंदणीपासून छापून यायला सरासरी 67 आठवडे लागले होते आणि टीम सरासरी पाच जणांची. म्हणजे सव्वा वर्ष. दोन महिन्याचं गणित मग तूच कर. आत्ता तिसऱ्या वर्षात सुरू केलंस तर फायनलच्या आधी स्क्रीनिंग-एक्स्ट्रॅक्शन उरकेल, लिखाण इंटर्नशिपमध्ये.

करिअर आहे, फक्त ते डॉक्टरकीसारखं दिसत नाही. औषध कंपन्या आणि त्यांना सर्व्हिस देणाऱ्या फर्ममध्ये एव्हिडन्स सिंथेसिसच्या (असेच अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढणाऱ्या) टीम असतात, सरकारी बाजूला आरोग्य संशोधन विभागाचं एचटीएइन हे केंद्र आहे जिथे कुठला उपचार सरकारने घ्यावा ह्याचा हिशोब मांडतात. त्यासाठी एमबीबीएसनंतर एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅटिस्टिक्स किंवा पब्लिक हेल्थ. कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी केलीस तरी हा रस्ता उघडा राहतो, आणि तिथे बाबांचं नीट-पीजीही आलं.

तर आता ह्या महिन्यात प्रश्न चार ओळीत लिही, प्रॉस्पेरोवर शोध, आणि तो घेऊन कम्युनिटी मेडिसिनच्या मॅडमकडे जा. "पेपर हवाय" म्हणून गेलीस तर त्या उद्या ये म्हणतील.