हिवाळ्यात गावाकडे प्राणी-पक्षी खरंच दिसतात का, की त्यासाठी अभयारण्यातच जावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरअखेर दोन-तीन दिवस खानदेशात नातेवाइकांकडे येणार आहात, मुलगी आठ वर्षांची आहे, तिला रानातले प्राणी-पक्षी बघायचेत, आणि त्यासाठी यावल अभयारण्यातच जावं लागेल का. मी चोपडा तालुक्यात शेती करतो. सातपुडा घराच्या ओट्यावरून दिसतो. केळी, कपाशी, हरभरा आणि थोडी दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, असं पीक असतं. अभयारण्यात जरूर जा, पण त्याआधी दोन पहाटे नातेवाइकांच्या वावरात काढा. हिवाळ्यात आमच्याकडे रान शेतात उतरतं. पाणी शेतात, हिरवं शेतात, अळ्या-किडे शेतात, मग जनावर डोंगरात कशाला बसेल?

मला हे पुस्तकातून कळलं नाही, लाईटीमुळे कळलं. शेतीपंपाची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात मी दहाच्या पुढे विहिरीवर असतो. कानाला मफलर, हातात बॅटरी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. बूट घोणशीसाठी. थंडीत साप बिळात असतात असं लोक धरून चालतात. इतर साप कमी दिसतात हे खरं, पण घोणशीचा जोडीचा हंगाम थंडीत असतो. ती काडीकचऱ्यात, कपाशीच्या ओळीत निवांत पडलेली असते. कुकरची शिट्टी सुटावी तसा फुत्कार करते. तो आवाज आला की आहात तिथेच उभं राहायचं, बॅटरीने ती कुठे आहे ते बघायचं आणि मगच मागे सरायचं. मुलीला अंधारात वावरात न्याल तर बूट आणि बॅटरी या दोन गोष्टींवर तडजोड करू नका.

मध्यरात्रीच्या सुमारास कोल्हे ओरडतात. अनेर नदीच्या बाजूने एक सुरू करतो, मग पलीकडून दुसरा, मग चार-पाच मिळून. गावातली कुत्री उत्तर देतात, आणि मिनिटभरात सगळं शांत होतं. आमच्या बांधावर बोरीची तीन झाडं आहेत. सकाळी त्या वाटेने गेलं की कोल्ह्याच्या विष्ठेत बोराच्या बिया दिसतात. कोल्हा म्हणजे कोंबड्या चोरणारा, एवढंच लहानपणी ऐकलेलं. तो बोरं वेचून खातो हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. आता त्या बोरी तोडायचं कुणी नाव काढलं तर मी नाही म्हणतो.

गाडरस्त्यावर बॅटरी टाकली की लांब जमिनीलगत लालसर ठिणगी चमकते. तो रातवा पक्षी, ठिणगी त्याच्या डोळ्याची. मातीच्या रंगाचा, रस्त्यातच बसून राहतो, अगदी जवळ गेलं की आवाज न करता उठतो आणि दहा पावलांवर पुन्हा बसतो. मोटारसायकलखाली सापडतो बिचारा. रात्री शेतरस्त्याने गाडी हळू चालवा.

बिबट्याचं सगळे विचारतात. तो आहे, केळीच्या बागांमध्ये आहे. दाट सावली, ओलावा आणि मागे लागून येणारी रानडुकरं, म्हणजे त्याच्यासाठी रानच ते. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या बाजूला तर पट्टेदार वाघ केळीच्या बागांतून वावरतात. मी स्वतः बिबट्या पंधरा वर्षांत एकदाच पाहिला, तोही पाठमोरा, शेपूट तेवढी नीट दिसली. पाऊल मात्र बऱ्याचदा दिसतं. आमचा सालदार पावरा समाजाचा, सातपुड्यातच वाढलेला. त्याने मला पाऊल वाचायला शिकवलं. कुत्र्याच्या पावलात नख्या उमटतात, बिबट्याच्या उमटत नाहीत, कारण तो चालताना नख्या आत ओढून घेतो. बाग भिजवलेली असेल तर चिखलात हे इतकं स्वच्छ दिसतं की लहान मूलही ओळखेल. पाऊल ताजं असेल तर त्या दिवशी मजूर बायकांना एकेकटं बागेत पाठवत नाही, आणि वनखात्याला कळवतो. रानडुकराने मक्याचं पीक एका रात्रीत झोपवलं तर पोटात गोळा येतो, ते दुखणं खरं आहे. पण त्यावर विजेची तार सोडणं मला मान्य नाही. त्या तारेवर माणसंही मरतात.

थंडीचं एक वेगळं काम असतं, केळी राखण्याचं. थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आमच्याकडेही फार फरक नसतो. केळी हे उष्ण भागातलं झाड, त्याला हे सोसत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, निसवायला आलेला घड खोडातच अडकतो. याला आम्ही चरका म्हणतो. मग बागेच्या कडेने ओला-सुका काडीकचरा पेटवून रात्रभर धूर करायचा आणि पाणी द्यायचं. बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं. पाइपाच्या तोंडाशी पहाटे अक्षरशः वाफ दिसते. त्या वाफेपाशी टिटव्या येऊन उभ्या राहतात. त्या ऊब घेतात की पाण्याबरोबर वर आलेले किडे टिपतात, हे मी कित्येक रात्री बघत बसलोय. मला वाटतं, किडेच.

आता पहाटेचं. साडेसहाला हरभऱ्याच्या बांधावर उभे राहा. प्रत्येक झाडावर दव असतं आणि त्यात कोळ्यांची जाळी उठून दिसतात, एरवी दिसत नाहीत. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, आंबट खार. आमची माय रात्री धुतलेलं धोतर हरभऱ्यावर पसरायची, सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरायची. पोटदुखीला तेच औषध. मुलीला एक पान चाटायला द्या, मात्र वावरात फवारणी झालेली नाही ना हे मालकाला आधी विचारा.

ऊन वर आलं की भोरड्या येतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना, पुस्तकात तिला पळस मैना म्हणतात. शेकड्यांनी येतात, आणि थवा वळताना आधी काळा दिसतो, मग एकदम गुलाबी. त्या कझाकस्तानाच्या बाजूने, मध्य आशियातून येतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परत जातात. माझ्या लहानपणी आमच्याकडे आठ एकर दादर असायची. दाणा भरला की आप्पा माळ्यावर बसून गोफण फिरवायचे. गोफणीचा तो फटकारा अजून कानात आहे. दिवसभर तेच काम, कारण थवा एकदा कणसांवर बसला की अर्ध्या तासात कणसाचं बिनदाण्याचं बुरकुंड. माय न्याहारी घेऊन यायची आणि म्हणायची, "खाऊ दे रे थोडं, त्या बी लांबथीन येतस." आप्पा चिडायचे. दोघांचंही बरोबर होतं असं मला आता वाटतं.

दादर कमी झाली. तिच्या जागी केळी, मका, कपाशी आली. मीही तेच केलं, कारण घर त्यावर चालतं. भोरड्यांचे थवे आमच्या शिवारात पूर्वीसारखे उतरत नाहीत, निदान माझ्या डोळ्यांना तरी तसं दिसतं. मग हरभऱ्यात घाटेअळी वाढली. एक वर्ष तिसरी फवारणी करूनही अळी गेली नाही, तेव्हा कृषी सहायकाने पक्षीथांबे लावायला सांगितले. पक्षीथांबा म्हणजे काही मोठं नाही, माणसाच्या छातीएवढी काठी, वर आडवी काडी. एकरी वीसेक रोवल्या. दुसऱ्या दिवशी कोतवाल पक्षी येऊन बसला. तिथून खाली झेप, अळी, पुन्हा काठीवर. साळुंक्या आल्या, गायबगळे ओळींतून चालायला लागले. पुढच्या वर्षी पेरतानाच हरभऱ्यात मूठभर दादर मिसळली, म्हणजे तिची ताटं उभी राहतात आणि काठ्या रोवायचं काम कमी होतं. त्या ताटांवर जानेवारीत भोरड्या बसल्या. आधी कणसं साफ केली, मग खाली उतरून अळ्या. चीनच्या शिंजियांगमध्ये तर टोळ खावेत म्हणून याच पक्ष्यांसाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून देतात. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ थव्याकडे बघत राहिले, बोलले काही नाहीत. फवारणी माझी बंद झालेली नाही, तीनवरून एकवर आली आहे.

विहिरीच्या मोटारघरापाशी दर वर्षी एक थिरथिरा येतो. नर, काळा, पोट आणि शेपूट विटकरी. शेपूट सतत थरथरत असते, म्हणून हे नाव. हे पक्षी लडाख-तिबेटकडच्या डोंगरांत घरटी करतात आणि थंडीला खाली येतात. दर वर्षी तोच पक्षी येतो का हे मी सिद्ध करू शकत नाही, पण बसायची जागा तीच असते, स्टार्टरच्या पेटीचं टोक. ऑक्टोबरात तो दिसला की मी घरी सांगतो, आणि आमच्या घरात स्वेटर त्या दिवशी निघतात.

गाडी असेल तर हतनूर धरणावर जा. तापीवर, भुसावळपासून जवळ, ४१ दरवाजांचं धरण आहे. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, तिथपर्यंत त्याचं पाणी पसरतं. मोठी लालसरी, थापट्या, चक्रवाक ही बदकं तिथे हिवाळ्यात असतात. चक्रवाक म्हणजे कवितेत रात्री जोडीदारापासून ताटातूट होणारा पक्षी. मुलीला नारिंगी रंगावरून लगेच सापडेल. दुर्बीण लागेलच, उधार आणा. पाण्याच्या कडेला पळत जाऊ नका, एक बदक उठलं की सगळं धरण उठतं.

नंदुरबारकडे जाणार असाल तर रानपिंगळ्याची गोष्ट तिला सांगा. १८८४ नंतर हे लहानसं घुबड कुणालाच सापडलं नव्हतं, जगातून संपलं असंच धरलं होतं. एका संग्राहकाने या घुबडाच्या संग्रहालयातल्या कातड्यावर १९१४ ची खोटी चिठ्ठी लावून ठेवल्यामुळे शोधणारे चुकीच्या जागी फिरत राहिले. ते खोटं अमेरिकी पक्षितज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडं पाडलं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला दिसला. ११३ वर्षांनी, आमच्या खानदेशात, भर दिवसा झाडावर बसलेला. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. याला शोधायला मात्र स्वतःहून जंगलात शिरू नका, वनखात्याच्या माणसाबरोबर जा. आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलावणारे लोक असतात, तसं करणाऱ्याच्या सोबत जाऊ नका. त्याला त्याची जागा राखायला विनाकारण उठावं लागतं.

मुलीची सुरुवात मात्र धोबी पक्ष्यापासून करा. गव्हाला पाणी सुरू असेल अशा वावरात तिला बांधावर उकिडवं बसवा आणि पाणी सरकतं त्याच्या पुढच्या टोकाकडे बघायला सांगा. पाण्याने जमिनीतले किडे वर येतात आणि पांढरा-काळा धोबी त्या टोकाच्या बरोबरीने, शेपूट वर-खाली आपटत, पळत पुढे जातो. ती हलली नाही तर तो तिच्या पायापाशी, हाताच्या अंतरावर येईल.