शॅननने सगळं सांगून ठेवलंय, मग संशोधनाला उरलं काय?

प्रश्न : मी ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. डिजिटल कम्युनिकेशन हा एकच विषय मनापासून आवडतो, त्यातच संशोधन करावंसं वाटतं. पण आमचे सर म्हणतात, शॅननची मर्यादा, म्हणजे गोंगाटातून बिनचूक माहिती पाठवण्याचा शॅनन यांनी गणिताने काढलेला कमाल वेग, गाठून झाली, आता यात काही राहिलेलं नाही. बाबांना वाटतं मी हिंजवडीत नोकरी धरावी. काय करू?
— एक विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते.

सरांचं म्हणणं फार जुनं आहे. १९७१ साली फ्लोरिडात या विषयातले जाणकार जमले होते, तेव्हाही ‘कोडिंग संपलं’ अशी चर्चा झाली होती. कोडिंग म्हणजे इथे वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून माहितीत जादा बिट घालणं. त्यानंतर १९८२ मध्ये उंगरबॉक यांनी कोडिंग आणि मॉड्युलेशन (बिट लहरींवर बसवणं) यांची सांगड घालून दाखवली आणि टेलिफोनवरच्या मॉडेमचा वेग वाढला. १९९३ मध्ये फ्रान्समधून टर्बो कोड आले. ते शॅननच्या मर्यादेच्या इतके जवळ पोचत होते की अनेकांचा आधी विश्वासच बसेना. गॅलगर यांचे एलडीपीसी कोड तर १९६० च्या दशकातले. तेव्हाच्या यंत्रांना ते झेपले नाहीत, तीसेक वर्षं पडून राहिले. आज ५जी फोनवर डेटा येतो तो त्यांच्याच भरवशावर.

आणि गाठली ती मर्यादा कोणती? एक बोलणारा, एक ऐकणारा आणि मधला गोंगाट कसा आहे हे आधीच ठाऊक, एवढ्यापुरती. तुळशीबागेत दोन जोड्या शेजारी शेजारी उभ्या राहून एकाच वेळी बोलताहेत, एकीचा आवाज दुसरीच्या कानात शिरतोय, अशा वेळी जास्तीत जास्त किती माहिती पोचेल? याचं सर्वसाधारण उत्तर अजून कुणालाही सापडलेलं नाही. मोबाइलचे टॉवर रोज याच अडचणीत असतात.

आता माझं सांगते. १९८८ मध्ये पुण्यातल्या एका कंपनीच्या संशोधन विभागात मी लीज्ड लाइनच्या (कायमची भाड्याने घेतलेली टेलिफोन लाइन) मॉडेमवर काम करत होते. पुणे ते सातारा लाइन, वेग सेकंदाला ९,६०० बिट. टेलिफोनचा पट्टा सुमारे ३,१०० हर्ट्झ, सिग्नल गोंगाटाच्या हजारपट धरला तर शॅननचं सूत्र जवळपास ३१,००० बिट देतं. म्हणजे आम्ही तिसऱ्या हिश्शातच होतो, आणि तरीही चुका थांबत नव्हत्या. महिनाभर मी गोंगाटाचीच गणितं केली. एका रात्री दिवा मालवून ऑसिलोस्कोपकडे नुसती बघत बसले. पडद्यावर सोळा ठिपके दिसायला हवे होते, एकेक ठिपका म्हणजे चार बिटांची एकेक जुळणी. गोंगाट असता तर ते चहूबाजूंनी पसरट झाले असते. हे मात्र केळ्यासारखे वाकलेले होते, आणि बाहेरचे ठिपके जास्त लांब. म्हणजे सिग्नलची फेज, लहर आपल्या फेऱ्यात नेमकी कुठे आहे ती जागा, झुलत होती. झुलण्याचा वेग मोजला, तो निघाला ५० हर्ट्झ! वाटेतल्या कुठल्यातरी उपकरणाच्या वीजपुरवठ्याची गुणगुण सिग्नलमध्ये मिसळत होती. फेजचा माग काढणारं सर्किट चपळ केलं तर झुलणं पकडता येतं, पण मग गोंगाटही आत शिरतो. मधली जागा सापडायला आणखी दोन महिने लागले. ती सापडली त्या पहाटे मी कर्वे रस्त्याने चालत घरी गेले, इतका आनंद झाला होता.

काही वर्षांनी कंपनीने तो विभागच बंद केला. फार वाईट वाटलं, आजही वाटतं. पण तिथे शिकलेलं पुढच्या प्रत्येक कामात लागलं. मोबाइल आले तरी फेज झुलायची थांबत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. पीएचडीला सरकारी संशोधनवृत्ती सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहे. घरी तुझ्या पगाराची आज गरज असेल तर नोकरी धर, दोन-तीन वर्षांनी गेट ही प्रवेश परीक्षा दे. दार बंद होत नाही. गरज नसेल तर बाबांना हा आकडा सांग आणि पाच वर्षं लागतील हेही आधीच सांगून टाक. शिवाय २८ फेब्रुवारीच्या सुमारास त्यांना विज्ञान दिनाला खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला घेऊन जा. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आणि त्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एकत्र आणणारी माणसं बघितली की हे काम काय असतं ते त्यांना कळेल.

पण त्याआधी तू एक कर. एका लॅपटॉपच्या स्पीकरमधून सोळा ठिपक्यांचा सिग्नल पाठव आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या लॅपटॉपच्या माइकवर पकड. भिंतींचे प्रतिध्वनी, पंखा, रस्त्यावरची वाहतूक, सगळं त्यात येईल. पडद्यावर ठिपके हळूहळू गोल फिरताना दिसतील, कारण दोन्ही यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. ते कसे थांबवायचे हे निदान आठवडाभर कुठेही शोधू नकोस, कुणाला विचारू नकोस. आठवड्यानंतर काय झालं ते मला लिही. ठिपके फिरायचे थांबले नसले तरी लिही.