रॉक गायक पुढे मंत्री झाला, असं कुठे घडलंय का?

हो, ऑस्ट्रेलियात. पीटर गॅरेट. उंचापुरा, टक्कल केलेला, स्टेजवर अंगात आल्यासारखा नाचणारा 'मिडनाइट ऑइल'चा गायक. शिक्षणाने वकील.

१९८४मध्ये अण्वस्त्रविरोधी पक्षाकडून सिनेटची निवडणूक लढवली, थोडक्यात हरला. १९८६मध्ये बँडने वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांचा दौरा केला आणि त्यातून १९८७चा 'डीझल अँड डस्ट' अल्बम आला. त्यातलं 'बेड्स आर बर्निंग' हे गाणं सरळ सांगतं, जमीन ज्यांची त्यांना परत करा. आणि तेच जगभर गाजलं! सिडनी ऑलिम्पिकच्या (२०००) समारोपात अख्खा बँड 'सॉरी' लिहिलेल्या काळ्या कपड्यांत तेच गाणं वाजवायला उतरला. त्या वेळचे पंतप्रधान आदिवासींची माफी मागायला तयार नव्हते, आणि ते प्रेक्षकांतच बसले होते. मला हा त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात भारी क्षण वाटतो.

२००४मध्ये तो लेबर पक्षाचा खासदार झाला, २००७मध्ये पर्यावरणमंत्री. इथे मात्र गोची झाली. २००९मध्ये युरेनियमच्या एका नव्या खाणीला त्यानेच मंजुरी दिली. जुने चाहते भडकले. पुढे शालेय शिक्षण खातं सांभाळून २०१३मध्ये राजकारण सोडलं आणि २०१७मध्ये बँडसोबत पुन्हा जगभर दौरा केला. माझ्या मते माणूस स्टेजवरच जास्त शोभतो.