इंग्लंडमधला सात प्रश्नांचा फॉर्म आपल्याला लागू पडतो का?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पुण्यात चिंतेसाठी गोळ्या चालू असताना इंग्लंडला नोकरीसाठी आलं, तर इथे चिंता मोजायच्या फॉर्मवरच्या आकड्यावरून उपचार ठरतात का? आणि हे फॉर्म आपल्या लोकांना लागू पडत नाहीत, हे खरं का? मी बरीच वर्षं इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात आहे आणि हे फॉर्म स्वतः भरलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकड्याला इथे वजन आहे. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. तिच्या ‘टॉकिंग थेरपीज’ या बोलून उपचार करणाऱ्या सेवेत जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या, चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. तिथे जवळजवळ प्रत्येक भेटीला जीएडी-७ हा चिंता मोजायचा फॉर्म भरून घेतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २१. ही सेवा ८ पासून पुढचा आकडा गंभीरपणे घेते. शेवटी हा आकडा आणि नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या फॉर्मचा आकडा, दोन्ही आपापल्या ठरलेल्या रेषेखाली गेले की सहसा ‘बरे झाले’ अशी नोंद होते. म्हणजे आत घेताना आणि बाहेर सोडताना पट्टी एकच.

आता ती पट्टी सगळ्यांना सारखी मोजते का? पूर्णपणे नाही. जीएडी-७ हा २००६ साली अमेरिकेतल्या दवाखान्यांमधल्या रुग्णांवर तपासून प्रसिद्ध झाला. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की चिंतेची तीव्रता सारखी असूनही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण इतरांपेक्षा कमी येत होते. पण यावरून ‘आपलेही कमीच येणार’ असं धरू नका. असल्या अभ्यासांत ‘एशियन’ या एका रकान्यात चिनी, कोरियन, भारतीय सगळे कोंबलेले असतात. त्यातून नाशिकच्या माणसाबद्दल काय कळणार?

माझ्या मते खरी अडचण कागदावर जे नाही त्यात आहे. बेचैनीचा एक प्रश्न सोडला तर शरीराबद्दल त्यात काहीच नाही. छातीत धडधड, पित्त, हातापायांना मुंग्या, डोकं जड होणं, हे कुणी विचारतच नाही. आपल्याकडे ‘काळजी काय, सगळ्यांनाच असते’ म्हणून तिथे शून्यावर खूण करणारी माणसं पुष्कळ. तीच माणसं धडधडीसाठी पुन्हा पुन्हा ईसीजी काढून आलेली असतात! उलटही होतं. नवीन देश, घरभाडं, गावी आई आजारी, अशा महिन्यात कुणाचाही आकडा वर जाईल. तो का गेला, हे फॉर्मला कळत नाही.

म्हणून फॉर्म भरा, पण तेवढ्यावर थांबू नका. शरीराचं जे होतं ते थेरपिस्टला तोंडाने सांगा आणि नोंदवून घ्यायला लावा. मराठीत बोलणं सोपं वाटत असेल तर दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. मिस्टरांना दुभाषा म्हणून बसवू नका. त्यांच्यासमोर निम्मं बोलणं गिळलं जातं. आणि निघण्याआधी पुण्यातच, गोळ्या चालू असताना, हा फॉर्म एकदा भरून आकडा जपून ठेवा. स्वतःच्या जुन्या आकड्याशी केलेली तुलना मला कुठल्याही सरासरीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

गोळ्यांचं वेगळं. एस्सिटॅलोप्रॅम (चिंता-नैराश्यावरचं औषध) आणि क्लोनाझेपाम (शांत करणारं, सवय लागू शकणारं औषध) एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास देतात, इथे ती मिळत नाही. क्लोनाझेपाम इथे नियंत्रित, म्हणजे कायद्याने बंधनं असलेलं, औषध आहे आणि जीपी ते दीर्घकाळ द्यायला नाखूश असतात. तुमच्या गोळीत ते असेल तर बदलाचं आत्ताच डॉक्टरांशी बोला, मनाने एकदम बंद करू नका. सोबत औषधांची मूळ नावं (कंपनीची नव्हे) आणि मात्रा लिहिलेलं इंग्रजी पत्र घ्या. नियंत्रित औषध तीन महिने किंवा त्याहून जास्त पुरेल इतकं आणायचं असेल तर परवाना लागतो.

व्हिसाची मात्र धास्ती नको. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला भारतातून येणाऱ्यांना टीबीची तपासणी करावी लागते. चिंतेचा आकडा तिथे कुणी मागत नाही.